सात नंबरचा बाण

१

खुंटेवाडीच्या चारा छावणीत त्या सकाळी सातशे तेरा जनावरांची हजेरी लागली. त्यातलं एक मेलेलं होतं. हजेरी घेणाऱ्या बद्रीनाथने कानातला बिल्ला पाहिला, बिल्ल्याच्या मागची गाय पाहिली नाही. पुढच्या दाव्यापर्यंत गेल्यावर त्याला वाटलं, काहीतरी पिवळं दिसलं. म्हणून तो मागे वळला.

गाईच्या मानेत बाण होता.

आठ वाजता मंडळ अधिकारी विमल खाडे गावात पोचल्या. तीस वर्षं तलाठी आणि मंडळ अधिकारी म्हणून आष्टी तालुक्यातल्या जमिनी मोजून त्यांना माणसंही मोजायची खोड लागली होती. माणूस बोलायला लागला की त्या मनात दोन रकाने आखत. डावीकडे तो काय बोलला ते, उजवीकडे काय बोलायचं राहिलं ते. उजवा रकाना नेहमी लवकर भरे.

"या मॅडम, या," छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव पुढे आले. पांढरा पायजमा, पायात कोऱ्या चपला. "बगा काय दिवस आलेत. दुष्काळानं मरना ते जनावर बानानं मेलं."

"दुष्काळानं मेलं असतं तर मला बोलावलं असतं का?"

मोहनराव हसले. उत्तर उजव्या रकान्यात गेलं.

खुंटेवाडीचं गायरान म्हणजे माळ. दोन वर्षं पाऊस नीट नाही, त्यामुळे माळावर गवताची काडी नव्हती. पूर्वेच्या अंगाला छावणी. पश्चिमेला एक मोकळा पट्टा आणि त्याच्या टोकाला टेकाड. त्या पट्ट्यावर गहिनीनाथ मास्तर पाच वर्षं मुलींना धनुर्विद्या शिकवत होते. टेकाडासमोर बाण मारायचं निशाण उभं होतं. पूर्वी ते पेंढ्यांचं असे. जनावराला खायला नाही आणि ह्या पोरी पेंढ्यांना बाण मारतात, असं लोक बोलायला लागल्यावर मास्तरांनी पोत्यात चिंध्या कोंबून नवं केलं.

गाय सुंदरबाईची होती. सुंदरबाई ऊसतोडीहून येऊन महिना झाला होता. ती गाईच्या डोक्याशी बसली होती. रडत नव्हती, नुसती माश्या हाकत होती.

"रात्री काही आवाज आला?" विमलबाईंनी विचारलं.

"टँकरपाशी रांगंत व्हते बाई अर्धी रात. आले आन पडले. उठले तं ही अशी."

विमलबाई वाकल्या. गाईचं पोट टम्म फुगलेलं. मानेतला बाण वीतभर आत. पिसं पिवळी, पण खालच्या अंगाने काळपट. दांडीवर बारीक अक्षर: सु ७. त्यांनी पिसांशी नाक नेलं आणि दोन क्षण तसंच ठेवलं. मोहनरावांना हसू आवरेना.

"मॅडम, वास घेऊन चोर कळतो का?"

"चेअरमनसाहेब, मी घरात भाजीसुद्धा वास घेऊन घेते."

मग त्यांनी खुंट्याकडे पाहिलं. गाईच्या गळ्यात दावं नव्हतं. तुटलेलं नव्हतं, सोडलेलं होतं. नीट गुंडाळी करून खुंट्यावर अडकवलेलं. गळ्यातली घंटा त्या गुंडाळीवर ठेवलेली.

"दावं कुणी सोडलं?"

सुंदरबाईने बद्रीनाथकडे पाहिलं. बद्रीनाथने सुंदरबाईकडे.

"मला वाटलं तुमीच सोडलं," दोघं एकदमच म्हणाली.

२

गोष्ट एवढीच असती तर पंचनामा करून दुपारच्या जेवणाला विमलबाई घरी गेल्या असत्या. पण हवालदार बिभीषण खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या हातात दोन कागद होते. एक मोहनरावांची फिर्याद. दुसरा सुभद्रा नावाच्या मुलीच्या चारित्र्य पडताळणीचा.

सुभद्रा वीस वर्षांची. खेळाडूंसाठीच्या जागेतून पोलीस दलात तिची निवड झाली होती. नेमणूक व्हायची होती ती ह्या एका कागदावर. त्यात रकाना होता: अर्जदाराविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय.

"सध्या न्हाई," बिभीषण म्हणाला. "संध्याकाळी हाय. फिर्याद आली की मला नोंदवावीच लागती. तुमचा अहवाल आला तर थांबतो, न्हाईतर पाच वाजता मी मोकळा."

"बाण तिचा आहे म्हणून?"

"बान तिचा, सु म्हनजे सुभद्रा. आन काल दुपारी हितंच सगळ्यांपुढं चेअरमनला म्हनली, एकेकाला बघून घेते. पंधरा साक्षीदार हायेत."

"कशावरून म्हणाली?"

मोहनरावांनी घसा साफ केला. छावणीत जागा पुरत नव्हती. धनुष्यबाणाचा पट्टाही छावणीला घ्यायचा, असं त्यांनी काल जाहीर केलं होतं. "आन त्यांचं तिथं हायच काय? गायरान सरकारचं. ह्यांच्याकडं कलेक्टरचा कागद हाय का? ग्रामपंचायतीचा ठराव दाखवतेत. ग्रामपंचायत राखनदार, मालक न्हाई. बेकायदेशीर हाय ते सगळं. मी आदीपासून म्हनतोय, एक दिवस कुनाचा तरी जीव जाईल."

गंमत अशी की मोहनराव हे बोलले त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. खोटं बोलणाऱ्याला पकडणं विमलबाईंना सोपं जाई. खरं बोलून फायदा घेणाऱ्याचं काय करायचं हे त्यांना तीस वर्षांत उमगलं नव्हतं.

गहिनीनाथ मास्तर आणि सुभद्रा बाभळीखाली उभे होते. मास्तर पंचावन्नचे, ताठ. सुभद्राचे डोळे सुजलेले.

"मॅडम, आमी टेकाडाकडं तोंड करून मारतो," मास्तर म्हणाले. "छावणी पाठीमागं हाय. दोनशे पावलं. बान चुकून जायचा तर टेकाडावर जाईल, उलटा कसा जाईल?"

"म्हणूनच चेअरमन म्हणतात, चुकून नाही गेला. मुद्दाम मारला."

आपणच सुभद्राला खड्ड्यात ढकललं हे मास्तरांच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाय उलटीपालटी केली, मान फाडून पाहिली, मग पोट. हात धुवायला पाणी मागितलं तर बद्रीनाथने तांब्याऐवजी अर्धा पेला दिला.

"खाडे मॅडम, पोटात प्लास्टिकचा गोळा आहे, एवढा. त्यानं आतडं बंद झालं. फुगून गेली. पहाटे तीन-चारच्या सुमारास."

"आणि बाण?"

"बाणाच्या जखमेत रक्तच नाही. जिवंत जनावराच्या मानेत बाण घुसला तर चिळकांडी उडते. हा नंतर खुपसलाय. हातानं."

मोहनरावांच्या चेहऱ्यावरून वारं गेल्यासारखं झालं. पण ते लवकर सावरले. "हातानं तं हातानं. बान कुनाचा? पेटीची किल्ली कुनाकडं असती? मास्तरांकडं. मंग मेलेल्या गाईला बान खुपसून छावणी बदनाम करायचा डाव कुनाचा?"

बिभीषणने मान डोलावली आणि घड्याळ पाहिलं. साडेदहा.

३

"माळावर पहाटे आणखी कोण असतं?" विमलबाईंनी विचारलं.

"कोन न्हाई," मोहनराव म्हणाले.

"बायनामावशी असती," बद्रीनाथ बोलून गेला आणि चेअरमनकडे बघून त्याने जीभ चावली.

बायनाबाईचं छप्पर माळाच्या मधोमध, छावणी आणि पट्टा यांच्या बेचक्यात होतं. अकरा शेळ्या आणि ती. विमलबाई वाकून आत शिरल्या, तशा त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. चुलीत तुराट्या धुमसत होत्या. म्हातारी भाकरी थापत होती. मोहनराव मागोमाग आलेच. दारात उभे राहिले, उजेड अडवून.

"मावशी, तुम्ही पहाटे छावणीत गेला होता?"

"तिला काय इचारता मॅडम," मोहनराव म्हणाले. "ती उरलंसुरलं झाडून न्यायला येती. शेळ्यास्नी. आमी येऊ देतो."

"शेळ्या छावणीत घेत नाही?"

"नेमात न्हाई. मोठी जनावरंच घ्यायची."

"मग शेळ्यांनी चरायचं कुठं?"

"गायरान हाय की एवढं."

बायनाबाईने भाकरी तव्यावर टाकली. चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "हिकडं ह्यांची छावनी. तिकडं पोरींचे बान. मदी म्या. शेळ्या आता आभाळात चारीन."

"मावशी लई चेष्टेखोर हाय," मोहनराव म्हणाले.

"पहाटे काही दिसलं का मावशी? कुणी माणूस?"

"मला काय दिसतंय. आन दिसलं तरी माजं कोन लिवून घेतंय." तिने दाराकडे पाहिलं. दारात चेअरमन होते आणि त्यांच्या खांद्यामागे हवालदाराची टोपी. "त्या पोरीला धरून नेनार का वो?"

"संध्याकाळपर्यंत बघू," बिभीषण बाहेरून म्हणाला.

बायनाबाईने तोंड उघडलं, मिटलं आणि भाकरी उलटायला घेतली. भाकरीची एक बाजू जळाली होती.

बाहेर येऊन विमलबाईंनी डोळे पुसले. मग त्या मास्तरांना म्हणाल्या, "चला, तुमची पेटी बघू."

पेटी पट्ट्याच्या कडेला, पत्र्याच्या खोपटात. कुलूप शाबूत. मास्तरांनी आधी वही काढून दाखवली. प्रत्येक मुलीचं नाव, बाणांचे नंबर, रोज संध्याकाळी मोजणी, मास्तरांची सही. अक्षर सुरेख. खाडाखोड एकसुद्धा नाही.

"काल संध्याकाळी सुभद्राचे बाण?"

"बारा. बाराच्या बारा. माजी सही हाय."

"म्हणजे सातवा काल रात्री पेटीतून गेला."

"गेला म्हनजे... चोरला कुनीतरी."

"कुलूप न तोडता."

मास्तरांनी किल्ली पुढे केली. विमलबाईंनी स्वतः पेटी उघडली. बाण एकेक करून सतरंजीवर मांडले. सु १, सु २, सु ३. सुभद्रा तोंड फिरवून उभी राहिली.

पेटीत सुभद्राचे बारा बाण होते. त्यात सात नंबरचाही होता.

४

"मास्तर," विमलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या नोकरीत एका गटाचे दोन सातबारे निघाले की एक तरी खोटा असतो. इथं कुठला?"

मास्तर खाली बसले. ताठ माणूस खाली बसला की लहान पोरासारखा दिसतो.

"जुना हरवला मॅडम. पौषात. नव्यावर मीच नंबर टाकला."

"आणि वहीत?"

"वहीत बाराच ठेवले. ग्रामपंचायतीत लेखी दिलं व्हतं आमी, एक बी बान माळावर राहनार न्हाई, रोज मोजू. त्याच अटीवर ठराव झाला. एक बान कमी लिहिला असता तं दुसऱ्या दिवशी चेअरमननं बंद केलं असतं. सात पोरी हायेत माज्याकडं. सगळ्या ऊसतोडीवाल्यांच्या."

"कुठं हरवला?"

"गवतात."

विमलबाई उठून खोपटाबाहेर आल्या. माळ भाजत होता. टेकाडापर्यंत नजर सरळ जात होती आणि तिला आडवं यायला एक काडी नव्हती.

"कुठल्या गवतात, मास्तर? पौषातसुद्धा इथं एवढंच गवत होतं. मी पीकपाहणीला आले होते तेव्हा पाहिलंय. पिवळ्या पिसांचा बाण ह्या उघड्या माळावर हरवत नाही. तो कुणीतरी उचलावा लागतो. किंवा आणायला जायची कुणाची हिंमत होत नाही."

बोलली ती सुभद्रा.

"हरवला न्हाई. मी सोडला तवा त्या टेकाडाआडून मावशी आली. शेळ्या घेऊन. बान सुटला व्हता." तिने स्वतःच्या कानाला हात लावला. "हितनं गेला. ती पडली."

"लागला?"

"न्हाई. भिऊन पडली. मला वाटलं लागला. मी..." तिला पुढे येईना. "मी पळाले मॅडम. उलटी. खोपटात येऊन दार लावलं. मास्तर म्हनले थांब, मी बगतो. त्यांनी लांबून बगितलं, ती उठली. शेळ्या गोळा केल्या आन गेली. मास्तर म्हनले, काई झालं न्हाई, आता कुनाला बोलू नको, तुजी निवड तोंडावर आली."

"आणि नंतर? कधी गेलीस तिच्याकडे?"

सुभद्राने नकारार्थी मान हलवली. पौषापासून वैशाखापर्यंत त्या छपरावरून ती रोज दोनदा गेली होती.

विमलबाईंनी पिशवीतून गाईच्या मानेतला बाण काढला. डॉक्टरांनी तो पुसून दिला होता, पण पिसांची खालची बाजू काळी ती काळीच होती.

"हवालदार," त्यांनी हाक मारली, "चेअरमनना बोलवा. सुंदरबाईला आणि बद्रीनाथलाही. आणि दावं घेऊन या, खुंट्यावरचं."

"कुठं?"

"बायनाबाईच्या दारात."

सुभद्राने त्यांचा हात धरला. "मॅडम, तिचं नाव नका घेऊ. माजी नोकरी गेली तरी चालंल."

"तुझं चालेल," विमलबाई म्हणाल्या. "तिला चालेल का, हे तिलाच विचारू. आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

५

दुपारचे दोन वाजले होते. बायनाबाईच्या छपरापुढे सावली अशी नव्हतीच. जो तो दुसऱ्याच्या सावलीत उभं राहायला बघत होता.

विमलबाईंनी दावं मोहनरावांच्या हातात दिलं. "जरा ह्या छपराच्या मेढीला बांधून दाखवा. गाय बांधतात तसं."

"मी?" वीस वर्षं दूध संस्थेचे चेअरमन असलेल्या माणसाने दाव्याची पायजम्याच्या नाडीसारखी गाठ मारली. बद्रीनाथने तोंडावर उपरणं धरलं. बिभीषण खोकला.

"तुमच्यावर माझा सकाळपासून संशय होता," विमलबाई म्हणाल्या. "पट्टा तुम्हाला पाहिजे, फिर्याद तुमची, घाई तुमची. पण ज्यानं बाण खुपसला त्यानं आधी गाईचं दावं सोडलं. मेलेल्या जनावराला बांधलेलं ठेवत नाहीत. पुढच्या वाटेला मोकळं जावं म्हणून दावं सोडतात, घंटा काढतात. हे ठरवून कुणी करत नाही. हातानं होतं. जन्मभर जनावरामागं फिरलेल्या हातानं. तुमच्या हातानं ते व्हायचं नाही."

मोहनरावांना हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते कळेना.

"सुंदरबाईनं सोडलं नाही, ती झोपेत होती. बद्रीनाथनं सोडलं असतं तर त्याला गाय मेलेली ठाऊक असती आणि त्यानं मेलेल्या गाईची हजेरी लावली नसती."

"खरं हाय," बद्रीनाथ खाली बघत म्हणाला.

"मास्तरांच्या पेटीतून बाण गेला नाही. पेटीत बारा आहेत. हा पौषातला जुना बाण. चार महिने कुठं होता?" त्यांनी तो बिभीषणच्या नाकाशी धरला. "घ्या वास."

"धुराचा."

"काजळी एकाच बाजूला आहे. म्हणजे चुलीच्या वर, आढ्यात आडवा खोचलेला होता. खालून धूर लागत होता. गावात आता गॅस आहे, पत्रे आहेत. छावणीतली माणसं उघड्यावर रांधतात. चुलीवर गवताचं छप्पर असलेलं घर ह्या माळावर एकच."

शेळ्या वाळक्या तुराट्या चावत होत्या.

बायनाबाई दारात बसली होती. तिने पदर सारखा केला.

"तीनदा गेलते ग्रामपंचायतीत," ती म्हणाली. "बान घेऊन गेलते, फडक्यात गुंडाळून. म्हनलं ह्यो बगा, माज्या कानाजवळून गेला. पैल्यांदा म्हनले साहेब न्हाईत. दुसऱ्यांदा म्हनले अर्ज आना. मला अर्ज कुटला येतोय? तिसऱ्यांदा हे बसले व्हते तिथं." तिने मोहनरावांकडे हात केला. "हे म्हनले, मावशी, बान ठिवा नीट, कामाला येईल. न्हाई का वो?"

मोहनराव टेकाडाकडे बघत होते.

"आज पाटं कडबा झाडाया गेले. गाय पडलेली. हात लावला तं गार. दावं सोडलं. मंग बसले तिच्यापशी. म्हनलं, माज्या कानाजवळून गेला तवा कोन आलं न्हाई. गाईला लागला म्हनल्यावर येतील. घरी आले, बान काडला." ती थांबली. "मेलेली व्हती तरी डोळं मिटून खुपसला. आन बगा, तुमी आट वाजता आलाव."

"मग मी आले तेव्हा सांगितलं का नाही, मावशी?"

"दारात हे उबे. आन जमादार म्हनतोय पोरीला नेतो. मला पोरीला न्यायचं नव्हतं. मला नुसतं कुनी यावं वाटत व्हतं."

६

मोहनराव सगळ्यांत आधी भानावर आले. असे लोक नेहमी आधीच येतात. "मॅडम, मंग आता हिच्यावर गुन्हा. खोटा पुरावा. आन त्या पट्ट्यावरचं बेकायदेशीर काम आजच बंद. ते तं तुमाला लिवावंच लागंल."

"लिहिणार," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी वही गुडघ्यावर घेतली. "कलेक्टरांच्या परवानगीशिवाय गायरानावर धनुर्विद्येचा सराव चालतो, संरक्षक भिंत नाही, राखण नाही, वही खोटी. आजपासून बंद."

गहिनीनाथ मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"पुढं लिहिते. छावणीला परवानगी दहा एकरांची. मी सकाळी येताना कुंपणाकडेनं पावलं मोजली. साडेतेरा भरतात. मावशीची वाट त्या साडेतीन एकरांत गेली. कुंपण आठ दिवसांत मागं घ्यायचं. आणि तिसरं. गायरान गावच्या जनावरांच्या चराईसाठी राखलेलं असतं, आणि शेळीही जनावरच. ह्या माळावर आज जे तिघं आहेत, त्यात एकीलाच कागद लागत नाही."

"मॅडम, तुमी वरपर्यंत जायला लावू नका."

"जा की. अहवालही वरच जाणार आहे. वाटेत भेटेल तुम्हाला."

बिभीषणने सुंदरबाईला विचारलं, "गाय तुजी. म्हातारीनं तिच्यात बान खुपसला. तुजी फिर्याद?"

सुंदरबाईने बायनाबाईकडे पाहिलं. "दावं माज्या हातनं निगायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "मी झोपले. तिनं काडलं. कशाची फिर्याद?"

"आन मावशी, तुजी? आता तं लिवून घ्यायला मानसं आली हायेत. कुना-कुनावर तक्रार?"

"ग्रामपंचायतीवर लिवा. तीन येळा. मास्तरावर लिवा, त्यानं लांबून बगितलं आन गेला. ह्यांच्यावर लिवा, माजी वाट कुंपनात घातली." विमलबाई लिहीत होत्या. "आन म्या बान खुपसला ते बी लिवा. न्हाईतर ह्ये म्हनतील म्हातारी निम्मंच सांगती."

बिभीषणने पडताळणीचा कागद उलगडला. त्याला हे काम पाच वाजायच्या आत उरकायचं होतं, पण आवाज त्याचाही खाली आला. "आन ह्या पोरीवर? नीट इचार करून सांग मावशी. तू नाव घेतलं तं ह्या रकान्यात मला हाय म्हनून लिवावं लागंल."

सुभद्रा पुढे आली. हात जोडले नाहीत, पाया पडली नाही. मावशीपुढे मातीत बसली.

"मावशी, बान माजा व्हता. मला वाटलं तू मेलीस. मी पळाले."

सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली. मग म्हातारीने बिभीषणकडे मान वळवली.

"हाय," ती म्हणाली. "तक्रार हाय."

बिभीषणने पेनचं टोपण काढलं. विमलबाईंचं लिहिणं थांबलं. मास्तर एक पाऊल पुढे आले, आणि सुभद्राने हात आडवा करून त्यांना तिथंच थांबवलं.

"बान मारला त्याची न्हाई. तिला काय ठावं म्या येते ते. पडले तवा म्या हिलाच हाक मारली. लांबनं वळखलं व्हतं मी, आमच्या शेजारच्या वस्तीची पोरगी. म्हनलं, ये बाई, उठीव मला. हिनं दार लावून घेतलं. त्याच्यावर चार म्हयने रोज हितनं गेली, एकदा बगितलं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "ही तक्रार हाय माजी."

"मंग लिवू?" बिभीषण म्हणाला.

"तुमी कशाला लिवता? तुमाला सांगायची नव्हती ती. तिला सांगायची व्हती. तिनं ऐकली."

बिभीषणने विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी वहीत पाहिलं. मग त्याने कागद मांडीवर ठेवला आणि रकान्यात लिहिलं, नाही. अक्षर जरा वाकडं आलं.

बायनाबाई हात टेकून उठायला लागली. सुभद्राने दंडाला धरून तिला उठवलं. म्हातारीने दंड सोडवून घेतला, कुडाला टेकवलेली काठी उचलली आणि शेळ्यांना हाळी दिली. ऊन कलायच्या आत त्यांना कुठेतरी न्यायचं होतं. कुठे, हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि त्या सात माणसांतल्या कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.